जीएचसीच्या टेस्टमध्ये कामगिरीची घसरण कशी पकडायची

कंपायलरनं चुकीचा कोड काढला तर टेस्ट फेल होते आणि गोष्ट त्याच दिवशी कळते. कंपायलर दीड टक्क्यानं मंद झाला तर कुणालाच काही कळत नाही. असे दहा-बारा बदल साचले की वापरणाऱ्यांची ओरड सुरू होते, आणि तोवर मूळ कारण शेकडो कमिटच्या खाली गाडलेलं असतं. हास्केलचा मुख्य कंपायलर जीएचसी. त्याच्या टेस्टसूटमध्येच या दुखण्यावर एक व्यवस्था बसवलेली आहे: ठरावीक आकडे मोजायचे, ते त्या कमिटला जोडून गिटमध्येच साठवायचे, आणि आकडा हलला तर ज्याच्या बदलामुळे हलला त्यालाच तिथल्या तिथे त्याचा खुलासा लिहायला लावायचा. जीएचसीत पहिला पॅच पाठवू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दुसऱ्या कंपायलरवर काम करत असाल तरी ही रचना उचलण्यासारखी आहे.

आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत टंकायची.

नेमकं काय मोजायचं

पहिला फरक पक्का करा. कंपायलर स्वतः मंद होणं वेगळं आणि त्यानं तयार केलेला प्रोग्राम मंद होणं वेगळं. टेस्टसूटमध्ये पर्फ नावाच्या फोल्डरखाली दोन मुख्य घरं आहेत. ‘कंपायलर’ या घरात पहिल्या प्रकारच्या टेस्ट आहेत, ‘शुड रन’ या घरात दुसऱ्या प्रकारच्या. तुमचा बदल टाइप-चेकरमध्ये असेल तर पहिलं घर बघायचं. ऑप्टिमायझरमध्ये असेल तर दोन्ही.

नवखा माणूस आधी घड्याळ लावतो. ते इथे चालत नाही. एकच फाइल पाठोपाठ दोनदा कंपाइल केली तरी वेळेत काही टक्क्यांचा फरक पडतो: प्रोसेसरची गती तापमानाप्रमाणे वरखाली होते, शेजारी दुसरं काम चालू असतं, डिस्कवरची फाइल कधी कॅशमध्ये सापडते तर कधी नाही. सीआयची (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेची) मशीन तर अनेक कामांत वाटलेली असतात. जिथे नुसता गोंधळच पाच टक्क्यांचा आहे तिथे दोन टक्क्यांची घसरण दिसणार कशी?

म्हणून जीएचसीचा मुख्य आकडा आहे ‘बाइट्स अ‍ॅलोकेटेड’. जीएचसी हा स्वतः हास्केलमध्ये लिहिलेला प्रोग्राम आहे आणि हास्केलचा रनटाइम (चालू प्रोग्रामची मेमरी सांभाळणारा भाग) हीपवर, म्हणजे चालताना वाटल्या जाणाऱ्या मेमरीत, दिलेल्या प्रत्येक बाइटची नोंद ठेवतो. तोच कंपायलर, तेच इनपुट, तर हा आकडा जवळजवळ तोच येतो. मशीन थकलेलं असो की मोकळं. त्यामुळे या टेस्ट एकाच वेळी अनेक कोअरवर चालवल्या तरी निकाल बिघडत नाही. टेस्टसूट जीएचसीला रनटाइमचा ‘व्ही शून्य’ हा पर्याय देऊन चालवतो, म्हणजे रनटाइमचं अंतर्गत टायमर बंद राहतं आणि टिकटिकीमुळे होणारा बारीक फरकही जातो. रनटाइमनं दिलेली आकडेवारी यंत्राला वाचता येईल अशा रूपात एका फाइलीत उतरते आणि टेस्ट चालवणारा पायथन प्रोग्राम तिथून हवा तो आकडा उचलतो.

मेमरीसाठी दोन आकडे आहेत: ‘मॅक्स बाइट्स यूज्ड’ आणि ‘पीक मेगाबाइट्स अ‍ॅलोकेटेड’. हे दोन्ही लहरी आहेत, आणि का ते समजून घ्या. जिवंत डेटा किती आहे हे रनटाइमला फक्त मोठं गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी गोळा करणं) होतं तेव्हाच कळतं. कलेक्शन शिखराच्या नेमक्या क्षणी झालं तर मोठा आकडा येतो, जरा आधी झालं तर लहान. तुमच्या बदलामुळे काही किलोबाइट इकडेतिकडे झाले तरी कलेक्शनचे क्षण सरकतात आणि आकडा दहा टक्क्यांनी उडी मारतो, प्रत्यक्षात मेमरीत काहीही बदललेलं नसताना. म्हणून मेमरीच्या टेस्टमध्ये ‘कलेक्ट कंपायलर रेसिडेन्सी’ हे तयार साधन वापरा. ते हीपचे नमुने खूप वारंवार घेतं, त्यामुळे शिखर निसटायची शक्यता कमी होते. तरीही मुभा (टेस्ट फेल न होता आकडा किती हलू शकतो ती सूट) १० ते २० टक्क्यांची ठेवावी लागते.

बिल्ड: इथेच अर्ध्या चुका होतात

रेपो क्लोन करताना सबमॉड्यूलसकट करा. मग बूट, कॉन्फिगर आणि हेड्रियन (जीएचसीचं बिल्डचं साधन) या क्रमानं बिल्ड. हेड्रियनला फ्लेवर, म्हणजे बिल्डचा प्रकार, सांगावा लागतो आणि आकड्यांचा अर्थ त्यावर ठरतो. ‘क्विक’ फ्लेवरमध्ये बिल्ड लवकर व्हावं म्हणून ऑप्टिमायझेशनला कात्री लावलेली असते. अशा कंपायलरचे आकडे ‘पर्फ’ किंवा ‘व्हॅलिडेट’ फ्लेवरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. ‘डेव्हेल२’ फ्लेवरमध्ये कंपायलरच्या आतल्या तपासण्या चालू असतात, आणि तसा कंपायलर असेल तर टेस्टसूट कंपायलरच्या कामगिरीच्या टेस्ट सरळ वगळतो. कोणतीही टेस्ट लाल न होता सगळं हिरवं दिसतं, आणि प्रत्यक्षात काहीच मोजलेलं नसतं. निकालाच्या शेवटी वगळलेल्या टेस्टची संख्या येते. ती वाचायची सवय लावा.

एका बाजूला बेस आणि दुसऱ्या बाजूला तुमची शाखा अशी तुलना करायची आहे, म्हणून गिटचे दोन वर्कट्री (एकाच रेपोचे दोन वेगळे फोल्डर) करा. एकाच फोल्डरमध्ये शाखा बदलत राहिलात तर जुन्या बिल्डचे अवशेष मिसळतात आणि दर वेळी बराच भाग पुन्हा बिल्ड होतो, तो वेगळाच ताप. दोन्ही फोल्डरच्या नावांची लांबी सारखी ठेवा. हे वाचायला विचित्र वाटेल, पण हास्केलमध्ये फाइलचा पत्ता ही अक्षरांची साखळी असते आणि प्रत्येक अक्षराला हीपवर जागा लागते. एका मॉड्यूलच्या टेस्टमध्ये हा फरक दिसणारही नाही. शेकडो मॉड्यूल कंपाइल करणाऱ्या टेस्टमध्ये दिसू शकतो.

आता क्रम:

१. पहिल्या वर्कट्रीत मास्टर या मुख्य शाखेवरचं ते कमिट काढा जिथून तुमची शाखा फुटली. मास्टरचं आजचं टोक नाही, फुटण्याची जागा. टोक घेतलंत तर दुसऱ्यांचे बदलही तुमच्या खात्यात जमा होतात.

२. ते बिल्ड करा आणि हेड्रियनला ‘टेस्ट’ सांगताना ‘ओन्ली पर्फ’ हा पर्याय द्या. फक्त एखाददुसरी टेस्ट हवी असेल तर ‘ओन्ली’ या पर्यायात तिचं नाव द्या.

३. दुसऱ्या वर्कट्रीत तुमचा बदल आधी कमिट करा. नंतर बिल्ड, नंतर टेस्ट. हा क्रम उलटा करू नका.

तिसऱ्या पायरीचं कारण असं: आकडे कमिटला जोडून साठवले जातात. वर्कट्रीत कमिट न केलेले बदल असतील तर हे आकडे नेमके कोणत्या कोडचे हे सांगता येत नाही, म्हणून टेस्टसूट ते साठवतच नाही. तासभर बिल्ड करून टेस्ट चालवायची आणि नोंद शून्य, हा अनुभव टाळायचा असेल तर आधी गिट स्टेटस बघा.

आकडे राहतात कुठे

गिटमध्ये नोट्स नावाची सोय आहे. कमिट न बदलता त्याला बाहेरून चिठ्ठी जोडता येते. जीएचसीचा टेस्टसूट ‘पर्फ’ नावाच्या संदर्भाखाली अशा नोट्स लिहितो. एका ओळीत एक मोजमाप, रकाने टॅबनं तोडलेले: टेस्टचं वातावरण, टेस्टचं नाव, ती कोणत्या पद्धतीनं चालवली, मेट्रिक (काय मोजलं ते) आणि आकडा. तुमच्या मशीनवर वातावरणाचं नाव ‘लोकल’ असतं. सीआयवर प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या कामाचं वेगळं नाव. हे रकाने महत्त्वाचे आहेत, कारण ३२ बिट आणि ६४ बिट यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत; लिनक्स, विंडोज आणि मॅक यांच्यातही थोडाफार फरक असतो.

टेस्ट चालते तेव्हा टेस्टसूट तुमच्या कमिटपासून मागे मागे जात पूर्वजांच्या नोट्स तपासतो आणि ज्या पहिल्या पूर्वजाचा आकडा मिळेल त्याला बेसलाइन धरतो. एकही मिळाला नाही तर टेस्ट पास होते! तुलना करायला काहीच नव्हतं, एवढाच त्या पासचा अर्थ. म्हणून वरची दुसरी पायरी वगळू नका, किंवा सीआयच्या नोट्स उतरवून घ्या. जीएचसीच्या गिटलॅबवर कामगिरीच्या नोट्ससाठी स्वतंत्र रेपो आहे. त्यातला पर्फ संदर्भ आपल्याकडे ‘सीआय पर्फ’ या नावाखाली फेच केला की हजारो मोजमापं बिल्ड न करता हाती येतात.

एक खाचखळगा: नोट कमिटच्या हॅशला, म्हणजे त्याच्या ओळखखुणेला, चिकटलेली असते. तुम्ही रिबेस केलंत किंवा कमिट अमेंड केलंत की हॅश बदलतो आणि नोट जुन्या हॅशपाशीच राहते. इतिहास नीटनेटका करायचा असेल तर मोजण्याआधी करा.

निकाल वाचणं

समजा एका टेस्टची बेसलाइन ४० कोटी बाइट आहे आणि मुभा २ टक्के. खालची मर्यादा ३९.२ कोटी, वरची ४०.८ कोटी. तुमचा आकडा आला ४१.१ कोटी, म्हणजे २.७५ टक्के वाढ. टेस्ट फेल. निकालात अपेक्षित आकडा, दोन्ही मर्यादा, मिळालेला आकडा आणि टक्केवारी अशा ओळी येतात. सगळ्यात शेवटी सर्व टेस्टचा तक्ता येतो.

आकडा ३९.२ कोटींच्या खाली गेला तरी टेस्ट फेलच होते. सुधारणा झाली तर शिक्षा का, असं वाटतं. पण अनपेक्षित सुधारणा बरेचदा वाईट बातमी असते: टेस्ट ज्या वाटेची परीक्षा घेत होती ती वाट कंपायलर आता घेतच नाही, किंवा एखादं ऑप्टिमायझेशन चुकून बंद पडलंय आणि कंपायलर कमी काम करतोय. खरी सुधारणा असेल तर ती नोंदवली गेली पाहिजे.

तक्ता वाचताना एका टेस्टकडे न बघता आकार बघा. सगळ्याच टेस्ट अर्ध्या-एक टक्क्यानं वर सरकल्या असतील तर कारण सामायिक आहे: कंपायलर सुरू होतानाचं काम, इंटरफेस फाइली वाचणं, किंवा सगळीकडे वापरली जाणारी एखादी डेटा रचना. फक्त टी९८७२ ए, बी, सी, डी या हलल्या असतील तर टाइप फॅमिली सोडवणाऱ्या भागाकडे बघा. त्या टेस्ट त्याच्यासाठीच आहेत. ‘को-ऑप्ट’ने सुरू होणारी नावं असतील तर कोअर्शनच्या (दोन टाइप सारखे असल्याच्या पुराव्यांच्या) ऑप्टिमायझरकडे.

वाढ कुठून आली ते शोधणं

पहिलं साधन ‘डंप टायमिंग्ज’. ‘डंप टू फाइल’च्या जोडीनं हा पर्याय दिला की कंपायलर प्रत्येक टप्प्याचा वेळ आणि अ‍ॅलोकेशन फाइलीत लिहितो. बेस आणि शाखा या दोन्ही कंपायलरवर तीच टेस्ट फाइल चालवा आणि दोन फाइली शेजारी ठेवा. सोबत ‘शो पासेस’ हा पर्यायही द्या. त्यात प्रत्येक टप्प्यानंतर कोअर या जीएचसीच्या अंतर्गत भाषेतल्या प्रोग्राममध्ये किती टर्म, किती टाइप आणि किती कोअर्शन उरले हे छापलं जातं.

हे दुसरे आकडे नवे लोक वाचतच नाहीत आणि फसतात. समजा कोड जनरेटरचं अ‍ॅलोकेशन चार टक्क्यांनी वाढलं. तुमचा बदल सिम्प्लिफायरमध्ये (ऑप्टिमायझरच्या मुख्य टप्प्यात) होता, कोड जनरेटरला तुम्ही हातही लावला नाही. टर्मची संख्या बघा: सिम्प्लिफायरनंतर ती वाढलेली असेल तर इनलायनिंग (फंक्शनच्या कॉलच्या जागी त्याचा कोडच घालणं) जास्त झालं, प्रोग्राम फुगला, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला तो फुगलेला प्रोग्राम चघळावा लागतोय. दोष आहे मागे, दिसतोय पुढे. टर्मची संख्या तीच असून एकाच टप्प्याचा आकडा वाढला असेल तर मात्र दोष त्या टप्प्याच्या कोडमध्येच आहे.

दुसरी गुंतागुंत याहून खोल आहे आणि स्वतःलाच कंपाइल करणाऱ्या प्रत्येक कंपायलरला ती लागू आहे. जीएचसीचं बिल्ड दोन टप्प्यांत होतं. मशीनवर आधीपासून असलेला जुना जीएचसी नवा सोर्स कंपाइल करून स्टेज-१ तयार करतो. मग स्टेज-१ तोच सोर्स पुन्हा कंपाइल करून स्टेज-२ तयार करतो. टेस्ट स्टेज-२ वर चालतात. तेव्हा ऑप्टिमायझर बदलला की आकडा दोन कारणांनी हलू शकतो. कंपायलर जास्त काम करतोय, हे एक. किंवा काम तेवढंच आहे, पण नव्या ऑप्टिमायझरनं कंपायलरचा स्वतःचा कोड जास्त अ‍ॅलोकेट करणारा काढलाय, हे दुसरं. दुसरं कारण जास्त गंभीर, कारण तोच तोटा वापरणाऱ्यांच्या प्रोग्रामनाही होणार. वेगळं करायचा उपाय सोपा आहे: तीच फाइल दोन्ही वर्कट्रींतल्या स्टेज-१ नं कंपाइल करून बघा. स्टेज-१ चा कोड जुन्या कंपायलरनं काढलेला असतो. तिथेही वाढ दिसली तर काम वाढलंय. तिथे वाढ नाही आणि स्टेज-२ मध्ये आहे, तर काढलेला कोड बिघडलाय.

एवढ्यानं उलगडा झाला नाही तर ‘टिकी’ जोडलेला फ्लेवर बिल्ड करा. त्यात कंपायलरमधल्या प्रत्येक क्लोजरचं अ‍ॅलोकेशन वेगळं मोजलं जातं. नेहमीचा प्रोफायलर कॉस्ट सेंटर (मोजणीच्या खुणा) घालताना ऑप्टिमायझेशन अडवतो आणि त्यामुळे तुम्ही मोजता तो प्रोग्राम मूळ प्रोग्रामसारखा राहत नाही. टिकीमध्ये हा बिघाड बराच कमी असतो. दोन टक्क्यांची वाढ शोधायची असेल तर आधी टिकी.

नवी टेस्ट लिहिताना

टेस्टच्या वर्णनात चार गोष्टी येतात: नाव, अटींची यादी, कसं चालवायचं ते आणि कंपायलरचे पर्याय. नाव बहुधा इश्यूच्या (नोंदवलेल्या तक्रारीच्या) क्रमांकावरून, जसं टी१९६९. अटींच्या यादीत ‘कलेक्ट कंपायलर स्टॅट्स’ लिहायचं, त्याला मेट्रिक आणि मुभेची टक्केवारी द्यायची. चालणाऱ्या प्रोग्रामसाठी ‘कलेक्ट स्टॅट्स’. पद्धत ‘नॉर्मल’ एवढीच ठेवा, नाहीतर एकच टेस्ट अनेक पद्धतींनी चालून नुसताच वेळ जातो.

खरी कसोटी इनपुटच्या आकारात आहे. जीएचसी रिकामं मॉड्यूल कंपाइल करतानाही बरंच अ‍ॅलोकेशन करतो. समजा हा ठरलेला खर्च ६ कोटी बाइट आहे आणि तुम्हाला जपायचा भाग ६० लाख बाइट. त्या भागात २० टक्के घसरण झाली तर वाढले १२ लाख. एकूण ६.६ कोटींवर ही वाढ जेमतेम १.८ टक्के, आणि २ टक्क्यांच्या मुभेत ती बिनबोभाट पास होते. इनपुट शंभरपट मोठं करून तो भाग ६० कोटींवर नेलात तर तीच घसरण १८ टक्के दिसते. म्हणून सुरुवातीला रिकाम्या मॉड्यूलचा आकडा घ्या, तो वजा करा, आणि उरलेला भाग एकूण आकड्यात मोठा हिस्सेदार होईपर्यंत इनपुट वाढवा. टेस्ट तरीही काही सेकंदांत संपली पाहिजे; ती दिवसातून कितीतरी वेळा चालणार आहे.

इश्यू जर ‘कोड वाढला की कंपाइल वेळ वर्गानं वाढतो’ असा असेल तर इनपुट तयार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि १००, २००, ४०० घोषणांवर चालवून बघा. ठरलेला खर्च वजा केल्यावर आकडा दर वेळी दुप्पट होत असेल तर वाढ सरळ आहे, चौपट होत असेल तर वर्गाची. टेस्टमध्ये तो आकार घ्या जिथे दोन्हींतला फरक कुठल्याही मुभेपेक्षा कितीतरी मोठा आहे. अशी टेस्ट वर्षानुवर्षं टिकते. कुरकुर करत नाही आणि खरं दुखणं परतलं की ओरडते.

मुभा अंदाजानं ठोकू नका. टेस्ट चार-पाच वेळा चालवा, वेगळ्या लांबीच्या फोल्डरमधून चालवा, सीआयच्या सगळ्या प्लॅटफॉर्मवर एकदा जाऊ द्या. दिसलेल्या चढउताराच्या काही पट मुभा ठेवा. कंपायलरच्या अ‍ॅलोकेशनला १ ते २ टक्के सहसा पुरतात. उगाच लाल होणारी टेस्ट फार महाग पडते: लोक ती बघायचं सोडून देतात आणि तिच्यासोबत शेजारच्या चांगल्या टेस्टवरचाही विश्वास उडतो.

वाढ मान्य करायची असेल तर

काही वाढी रास्त असतात. नवी तपासणी आली, बग सुटला, काढलेला कोड पाच टक्क्यांनी वेगवान झाला आणि त्यासाठी कंपायलरला थोडं जास्त राबावं लागलं. अशा वेळी कमिटच्या संदेशात ‘मेट्रिक इन्क्रीज’ अशी ओळ, तिच्यापुढे अपूर्णविराम, आणि खाली थोडी जागा सोडून एकेका ओळीवर टेस्टचं नाव लिहायचं. घट असेल तर ‘मेट्रिक डिक्रीज’. टेस्ट फेल झाली की टेस्टसूट हा मजकूर स्वतःच तयार करून छापतो. फक्त एकाच मेट्रिकला किंवा एकाच वातावरणाला परवानगी द्यायची असेल तर तेही त्याच ओळीत सांगता येतं, आणि शक्य तिथे सांगाच. ज्या कमिटनं फरक पडला त्याच्याच संदेशात हे लिहा. पुढे स्क्वॉश करताना (अनेक कमिटचं एक करताना) तो भाग गळून पडत नाही ना, ते बघा.

छापून आलेला मजकूर नुसता चिकटवून मोकळं होणं मात्र योग्य नाही. वर दोन ओळी लिहा: वाढ कोणत्या टप्प्यात, का, आणि बदल्यात काय मिळालं. सहा महिन्यांनी आलेखातला हा उंचवटा तपासणाऱ्याला त्या दोन ओळींशिवाय दुसरा आधार नसतो.

एकत्र टेस्ट होताना आणखी एक अडचण येते. जीएचसीत मर्ज करायचं काम मार्ज नावाचा बॉट करतो आणि तो अनेक विनंत्यांची एक मोळी बांधून टेस्ट चालवतो. चार पॅच, प्रत्येकाची वाढ ०.६ टक्के. एकेकटे सगळे पास. मोळी मात्र २ टक्क्यांच्या वर जाऊन फेल. अशा वेळी तुमचा पॅच पुन्हा पुन्हा परत आला तर गोंधळू नका; मोळीचा निकाल उघडा, कोणती टेस्ट फेल झाली ते बघा आणि तुमच्या एकट्याच्या निकालातला तिचा आकडा त्याशेजारी ठेवा.

थेंबे थेंबे

पूर्वी जीएचसीत अपेक्षित आकडा टेस्टच्या फाइलीतच लिहिलेला असे. बदल येत राहत, आकडा मर्यादेकडे सरकत राही, आणि शेवटी ज्याच्या पॅचनं जरासा धक्का दिला त्याच्याच माथी सगळी वाढ बसे. चोर सोडून संन्याशाला सुळी. शिवाय प्रत्येक प्लॅटफॉर्मचा वेगळा आकडा हातानं सांभाळावा लागे आणि तो बदलताना दोन शाखांमध्ये मर्जचा संघर्ष ठरलेला.

नोट्सवर आधारलेल्या पद्धतीत प्रत्येकाची तुलना त्याच्या पूर्वजाशी होते, म्हणून हा अन्याय संपला. पण थेंबे थेंबे तळे साचे, त्यावर ही पद्धत काही करत नाही. दहा पॅच, प्रत्येकी दीड टक्का वाढ, एकही टेस्ट लाल नाही. आणि एकूण वाढ १६ टक्के. पूर्वजाशी तुलना करणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत हे भोक असतंच. ते बुजवायला दूरच्या बेसलाइनशीही तुलना करावी लागते: मागच्या रिलीजशी. टेस्टसूटच्या ड्रायव्हर फोल्डरमध्ये पर्फ नोट्स नावाची पायथन स्क्रिप्ट आहे. तिला कमिटची मालिका आणि टेस्टची नावं दिली की साठवलेले आकडे तक्त्यात किंवा आलेखात येतात. आलेखात दोन आकार शोधा. पायरीसारखी उडी असेल तर एक कमिट दोषी आहे आणि नोट्समधून ते थेट सापडतं. पायरी नसून संथ चढ असेल तर एकच दोषी शोधण्यात वेळ घालवू नका. दोन टोकांचे कंपायलर बिल्ड करून डंप टायमिंग्जची तुलना करा.

उडी दिसते पण मधल्या काही कमिटच्या नोट्स नाहीत, असं असेल तर गिट बाइसेक्ट रन (दर वेळी मधलं कमिट तपासून शोधाचा पट्टा अर्धा करणारी आज्ञा). हजार कमिटना सुमारे दहा बिल्ड लागतात. स्क्रिप्टनं आकडा मर्यादेत असेल तर ०, नसेल तर १ आणि बिल्डच झालं नाही तर १२५ परत करायचं. १२५ म्हणजे हे कमिट सोडून द्या. प्रत्येक पायरीवर सबमॉड्यूल अपडेट करायला विसरलात तर नव्या कंपायलरला जुन्या लायब्ररी मिळतात आणि बाइसेक्ट निष्पाप कमिटवर बोट ठेवतं. मर्यादा दोन टोकांच्या आकड्यांच्या बरोबर मधोमध ठेवा.

अ‍ॅलोकेशनला न दिसणारं

हीपला हात न लावता मंद होता येतं. लांब यादीत पुन्हा पुन्हा शोध, कॅशमधून निसटणारी मेमरी, गार्बेज कलेक्टरचा वाढलेला वेळ, डिस्कवरचं वाचन: यातलं काहीही बाइट्स अ‍ॅलोकेटेडमध्ये उमटत नाही. यातलं वाढलेलं काम पकडायला लिनक्सवर ‘पर्फ स्टॅट’ ही आज्ञा वापरून युझर-स्पेसमधल्या सूचनांची (प्रोसेसरनं पार पाडलेल्या आदेशांची) संख्या मोजा; कॅश आणि डिस्कवरची वाट बघणं मात्र तिच्यातही दिसत नाही. रस्टचा कंपायलर आणि एलएलव्हीएम यांच्या कामगिरी-नोंदींमध्ये हाच आकडा मुख्य धरतात, कारण वेळेपेक्षा तो कितीतरी स्थिर असतो. कर्नेलची ‘पर्फ इव्हेंट पॅरानॉइड’ ही सेटिंग २ किंवा त्याहून कमी असावी लागते. डेबियन आणि उबुंटू ती त्याहून वर ठेवतात. क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनवर बरेचदा हे काउंटर मिळतच नाहीत आणि आकड्याच्या जागी ‘नॉट सपोर्टेड’ येतं.

शेवटी घड्याळच लावावं लागलं तर मशीन आधी शांत करा. सीपीयू गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर, टर्बो बंद, प्रोसेस टास्कसेटनं एका कोअरला बांधलेली, ‘सेटआर्च’नं पत्त्यांची यादृच्छिकता बंद. बेस आणि शाखा आलटूनपालटून चालवा; दहा वेळा एक आणि मग दहा वेळा दुसरा असं केलंत तर मशीन तापण्याचा परिणाम एकाच बाजूला पडतो. सरासरीऐवजी किमान किंवा मध्यक घ्या. आणि सगळ्यात आधी बेसची तुलना बेसशीच करा. तिथेच एक टक्का फरक येत असेल तर एक टक्क्याच्या कोणत्याही निष्कर्षाला अर्थ नाही.

घसरण सापडली आणि दुरुस्ती दुसऱ्या कुणाला करायची असेल तर इश्यूमध्ये एवढं हवं: टेस्टचं नाव, दोन्ही कमिटचे हॅश, दोन्ही आकडे, वातावरण, फ्लेवर, आणि डंप टायमिंग्जमधला ज्या टप्प्यात फरक दिसला तो भाग. घसरण टेस्टसूटमध्ये न दिसता एखाद्या वापरणाऱ्याच्या पॅकेजमध्ये सापडली असेल तर त्याचा कोड लहान करत न्या, बाहेरची सगळी पॅकेज काढून टाका, आणि उरलेली फाइल पर्फच्या कंपायलर फोल्डरमध्ये टेस्ट म्हणून घाला. दुरुस्तीच्याच पॅचमध्ये.